टेबलाखालचा कौल

अक्षरं उमटण्याआधी टेबलावरचं भगवं कापड दर वेळी जमिनीलगत थोडंसं हलत होतं. वारा नव्हता, पंखाही बंद होता.

पालमच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. देवाचा कौल सांगणाऱ्या महाराजांच्या उजवीकडे रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर, डावीकडे जुना, हिरव्या अक्षरांचा. पुढ्यात कीबोर्ड एकच, माउसही एकच. टाइप केलेला प्रश्न उजव्या पडद्यावर उमटला तर देवाचा होकार, डाव्यावर उमटला तर नकार.

"यंत्रं दोन जातीची, पण चालवणारा एक," महाराज सांगत होते. "हा माउस म्हंजे उंदीर, गजाननाचं वाहन. तो कुठं धावंल ते माझ्या हातात न्हाई."

माझ्या शेजारच्या गंगम्मा पुढे बसल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा त्यांच्या छातीतली गाठ वाटाण्याएवढी होती. पण त्यांचे यजमान ईश्वरअप्पा कौल लावल्याशिवाय विहीरही खोदत नसत. महाराज दर खेपेला डावा कौल देत आणि नवी पूजा सांगत. गाठ आता लिंबाएवढी झाली होती.

महाराजांनी प्रश्न टाइप करायला कीबोर्डवर बोटं ठेवली. कापड हललं. अक्षरं डावीकडे उमटली.

मी उठले आणि कापड वर केलं.

"बाई, शिवू नका. करंट हाय."

"शाळेत मी करंटच शिकवते, महाराज. पाय काढा."

खाली पत्र्याची डबी होती. कीबोर्ड आणि माउसच्या वायरी तीत शिरत होत्या आणि तिथून दोन्ही कॉम्प्युटरांकडे जात होत्या. डबीवर खटका, खटक्यावर महाराजांच्या पायाचा अंगठा.

"गंगम्मा, तुम्ही दाबा."

त्यांनी खटका दाबला. मी टाइप केलेलं अक्षर उजवीकडे आलं. पुन्हा दाबला, डावीकडे.

"हे तर रेल्वेच्या सांध्यावानी हाय," गर्दीतून कुणी म्हणालं. "वळवील तिकडं गाडी." लोक हसले.

मला हसू आलं नाही. दोन वेगळे कॉम्प्युटर एका कीबोर्डवर चालवायची ती साधी सोय. यंत्र खोटं नव्हतं. खोटा होता तो अंगठा, आणि त्याच्यापुढे आपण एका बाईचा जीव ठेवून हात जोडले होते. कापड उचलून बघायला कुणाची मनाई होती? गाठीचं डॉक्टरला विचारावं, एवढंच तर समजायचं होतं.

ईश्वरअप्पा मान खाली घालून पुटपुटले, "एकदा घरच्या देवाला कौल लावून बघू."

गंगम्मांचा हात अजून खटक्यावरच होता.

"आता कुणालाच इचारायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्याच्या एस्टीनं मी परभणीला जायलेय. ऑपरेशन करायचंय मला."