वडनेरच्या भावाने पाहिलेले फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. खरं सांगायचं तर आता मी पुरता कॉम्प्युटरही राहिलेलो नाही. माझा डबा भंगारात गेला, पडदा गेला, खडखडणारा की-बोर्ड गेला. उरली ती माझी हार्ड डिस्क, म्हणजे माझी आठवण. समुद्रपूरच्या एका घरात, लोखंडी कपाटात, प्रमिलाबाईंच्या साड्यांखाली ती पडलेली असते. इथे डांबरगोळ्यांचा वास आहे आणि बोलायला कोणी नाही. म्हणून तुम्हाला धरलं आहे, जरा ऐकून घ्या.

मला जोडलं ते हिंगणघाटच्या बसस्टँडजवळच्या एका लहानशा दुकानात, भूपेंद्र नावाच्या माणसाने. त्याचा हात मोठा हलका. स्क्रू पिळताना तो गुणगुणायचा, आणि पडद्यावर पहिला उजेड आला तेव्हा त्याने माझ्या डब्यावर थाप मारून म्हटलं, "चाल बेटा, लाग कामाले." ज्या हातांनी घडवलं त्या हातांवर जीव जडतोच हो. माझाही जडला, आणि आज त्याचंच वाईट वाटतं.

मला विकत घेतलं पुंडलिकरावांनी. समुद्रपुरात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. दुकानाच्या कामासाठी म्हणून मला आणलं, पण तिथली धूळ आणि फवारणीच्या औषधांचा वास मला सोसेना, म्हणून घरी बैठकीत टेबलावर बसवलं. बसवायला भूपेंद्रच आला होता. परका माणूस आलेला पाहून पुंडलिकरावांच्या पत्नी, प्रमिलाबाई, डोक्यावरचा पदर सारखा करत चहा घेऊन आल्या.

"कोन्त्या गावचे म्हनाचे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी वडनेरचा, बाई. रूपरावचा पोरगा."

"वडनेरचा? अरे, मंग तू तर आमच्या गल्लीतला. मले सांगतलं नाई कोणी, अन् मी पदर घेऊन राह्यली."

आणि त्यांनी पदर खांद्यावर सोडून दिला. वडनेर हे प्रमिलाबाईंचं माहेर. सासरच्या गावात बाईने डोक्यावर पदर घ्यायचा, माहेरच्या माणसापुढे घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. माहेरचा माणूस म्हणजे भाऊच. त्या दिवसापासून भूपेंद्र त्यांना ताई म्हणू लागला, पुंडलिकरावांना भाऊजी. दसऱ्याला सोनं द्यायला यायचा, तेव्हा प्रमिलाबाई मलाही हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या. शेजारपाजारचे लोक मला पाहायला यायचे. मी गाणी वाजवायचो, बिलं छापायचो, आणि मुलगा प्रफुल नागपूरच्या कॉलेजातून सुटीत आला की त्याचे खेळही खेळायचो. काय दिवस होते ते!

माझ्यावर कुलूप नव्हतं. प्रफुल एकदा म्हणाला, "आई, पासवर्ड टाकून देऊ का याच्यावर?" त्यावर प्रमिलाबाई हसल्या. "कायले रे? याले हात लावनारा कोण? आपण, नाई तर भूपेंद्र. भावापासून काय लपवाचं?"

पुढे काही वर्षांनी प्रमिलाबाईंना कॅन्सर झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले आणि त्यांचे केस गेले. गुडघ्याशी येणारी वेणी होती त्यांची. समुद्रपुरात मात्र कोणाला काही कळलं नाही, कारण डोक्यावर पदर तर नेहमीचाच. बाहेरच्यांना सांगितलं की पोटाचं दुखणं आहे.

अडचण होती ती माहेरची. त्यांची आई आनंदाबाई वडनेरला एकटी राहत होती. थोरली लेक भागीरथा तिने याच आजारात गमावलेली. प्रमिलाबाई तिकडे गेल्या असत्या तर आईपुढे पदर घ्यावा लागला असता, आणि आईने पहिल्या पावलालाच विचारलं असतं, काऊन वं, माह्यापुढं पदर? म्हणून त्यांनी माहेरी जाणंच बंद केलं. फोनवर बोलायच्या, हसायच्या, आणि फोन ठेवला की माझ्या टेबलाशी नुसत्या बसून राहायच्या.

एकदा प्रफुल मित्राचा डिजिटल कॅमेरा घेऊन आला. प्रमिलाबाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि पदर खाली केला.

"काढ माहा फोटो," त्या म्हणाल्या.

"आई, असा?"

"असाच काढ. केस येतीन तवा आणखी काढजो. मंग मी स्वतः वडनेरले जाईन, आईले हे सारे फोटो दाखवीन. म्हनीन, पाय आई, एवढं झालं होतं, अन् आता तुही पोरगी तुह्यापुढं उभी आहे. भागीरथाचं दुःख पाह्यलं तिनं. माहं दुखणं संपल्यावरच तिले कळलं पायजे."

प्रफुलने तो आणि पुढच्या सुट्यांमध्ये काढलेले फोटो माझ्यात ठेवले, आणि फोल्डरला नाव दिलं 'आई'. मित्रांनो, माझ्यात कितीतरी गोष्टी आल्या-गेल्या, पण एवढी मोलाची ठेव मला कोणी दिली नव्हती. डोकं उघडं असलेली ती बाई फोटोत सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती. प्रत्येक फोटोत ती थोडी जास्त वाळलेली, पण नजर तशीच.

आणि नेमका मी बिघडलो. सुरू होता होता बंद पडू लागलो. भूपेंद्र आला तेव्हा प्रमिलाबाई बाहेर आल्याच नाहीत. स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "भाऊ, हात पिठाचे आहेत रे. घेऊन जा त्याले. पोराचे फोटो-फिटो आहेत त्याच्यात, जपजो." तो म्हणाला, "ताई, फिकर करू नोको."

आणि खरंच, काम त्याने चोख केलं. आधी सगळा माल, म्हणजे माझ्यातल्या फाइली, दुसरीकडे उतरवून घेतला, मला स्वच्छ केलं, माल परत भरला. नीट भरला गेला की नाही हे पाहायला त्याने एक फोटो उघडला. तो 'आई' या फोल्डरमधला होता.

त्याचा हात थांबला. पडद्यावर ताई होती, आणि डोक्यावर केस नव्हते.

एक फोटो उघडला, ते कामच होतं. फोटो उघडतो हे कळलं, तिथे त्याचं काम संपलं होतं. पण त्याने दुसरा उघडला, मग तिसरा, आणि सगळे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, मनाने तो वाईट नव्हता, हेच तर सांगताना जीव तुटतो. चोर असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. तो भाऊ होता. बहिणीचं दुःख माहेरी पोचवणं हे भावाचं काम, असं त्याला वाटलं. ताईने ते का पोचवलं नसेल, हे तिला एका शब्दाने विचारावं, एवढं मात्र त्याच्या मनात आलं नाही. मी समोरच होतो, पण आमच्या जातीला तोंड कुठलं? ज्याने बटण दाबलं त्याच्यापुढे आम्ही उघडे.

वडनेरला घरी गेल्यावर त्याने आपल्या आईला सांगितलं, कोणाला बोलू नको म्हणून बजावूनही ठेवलं. त्याच्या आईने दळण आणायला गेल्यावर चक्कीवर सांगितलं, तेही कोणाला बोलू नका म्हणूनच. गावाचं तोंड कोणी धरावं?

मी दुरुस्त होऊन टेबलावर परतलो होतो. दुपारच्या एसटीने आनंदाबाई आली. हातात पिशवी, पायांवर धूळ. प्रमिलाबाई दारातच उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला. म्हातारीने तो हात बाजूला केला, पदर स्वतः खाली घेतला. डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "चक्कीवर कळलं वं मले, रूपरावच्या बायकोनं सांगतलेलं. सारं गाव आधी रडलं अन् मंग मले कळलं. माह्या पोरीचं दुखणं मले परक्याच्या तोंडून आयकाव लागलं. येवढी का मी मरून गेलती तुह्यासाठी?"

"नाई आई, मी सांगनारच होती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुले रडवाचं नव्हतं मले."

"रडू दे ना मंग. पण तुह्या तोंडून आयकून रडू दे."

त्यानंतर आनंदाबाई दर आठवड्याला यायची आणि लेकीकडे पाहून डोळे पुसायची. तिला लेकीच्या जागी भागीरथाच दिसायची. आजारी होत्या प्रमिलाबाई, आणि समजूत घालायच्याही त्याच.

पुढे उपचार संपले, केस आले, आधी भुरभुरते, मग चांगले दाट. प्रफुल कॅमेरा घेऊन म्हणाला, "आई, आता शेवटचा काढू." त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा. आता दाखवाचा कोनाले? जिले दाखवाचा होता तिनं तर आधीच मले मेलेली पाह्यलं." तो फोटो माझ्यात कधीच आला नाही. 'आई' हे फोल्डर आजही अर्धंच आहे.

मग मी पुन्हा बंद पडलो, या वेळी म्हातारपणाने. पुंडलिकरावांनी भूपेंद्रला बोलावलं. मधल्या काळात तो दसऱ्यालाही आला नव्हता. खुर्चीच्या कडेवर कसाबसा बसला. आतून प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. डोक्यावर काळेभोर केस होते, आणि त्यांच्यावर पदर, कपाळापर्यंत ओढलेला.

"घ्या, चहा घ्या," त्या म्हणाल्या.

त्याने कप घेतला नाही. "ताई, मी वडनेरचा ना," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि कप टेबलावर ठेवला.

त्याने माझा डबा उघडला, मला बाहेर काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि खाली मान घालून त्यांच्यापुढे धरलं. "डबा नेतो, ताई. हे आता तुमच्यापाशीच ठेवा." त्यांनी मला घेतलं. दोघंही रडवेले झाले होते, पण पदर खाली आला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्यांना दुरुस्त करेल. हात जरूर चालवा, पण डोळे कामापुरतेच ठेवा. कोणाचं काही दिसलंच, तर तिथेच थांबा आणि ज्याचं आहे त्याला विचारा. ते कोणाला, कधी सांगायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या, मग तुम्ही सख्खे भाऊ का असेना. माझे बिघाड भूपेंद्रने कितीदा नीट केले. पण प्रमिलाबाईंच्या खांद्यावर तो पदर पुन्हा कधी सुटला नाही, आणि वडनेरचं कोणी आलं की त्या आजही आधी डोकं झाकतात.