डावीकडचा दरवाजा

मित्रांनो, मला जुना म्हणतात ते खरे आहे. मोडका म्हणतात ते खोटे. मी देशाच्या कायदेमंडळाच्या सभागृहातला डावीकडचा दरवाजा आहे. उजवीकडे माझा जुळा भाऊ आहे. आम्ही एकाच झाडाचे. सुताराने आम्हाला एकाच मापाने कापले आणि एकाच दिवशी चौकटीत बसवले. मग पाट्या रंगवणारा आला. त्याने भावाच्या माथ्यावर ‘होय’ लिहिले, माझ्या माथ्यावर ‘नाही’. तेवढ्यावरून आमची नशिबे वेगळी झाली.

आमचे काम सोपे आहे. कुणी एकाने जरी मतविभागणी मागितली, तरी घंटा वाजते. ज्यांना तो कायदा हवा असतो ते भावातून जातात, ज्यांना नको असतो ते माझ्यातून. पलीकडच्या बोळात कारकून प्रत्येकाचे नाव लिहून घेतो. घंटा थांबली की दोन्ही दरवाजे बंद होतात. जो कुठूनच गेला नाही, तो गैरहजर.

तरुणपणी माझा उंबरठा पार झिजला होता. एकदा तर माझ्यातून इतके सदस्य गेले की सरकारच पडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. भावाचा आजवर आलेला नाही. मी हे त्याला अधूनमधून ऐकवतो.

आता मागच्या कार्यकाळाविषयी सांगतो. त्या पाच वर्षांत एकशे चौऱ्याऐंशी कायदे झाले. अध्यक्ष विचारत, “होय म्हणणारे?” सभागृह गरजे. “नाही म्हणणारे?” कुणी तोंड उघडायच्या आत हातोडी पडे. याला आवाजी मतदान म्हणतात. त्यात कुणाचेच नाव लिहिले जात नाही. विरोधक चिडत, पण माझ्याकडे फिरकत नसत. ते सभात्याग करून मोठ्या दाराने पायऱ्यांवर जात, कारण कॅमेरे तिकडे असत.

मला मात्र दरवर्षी रंग मिळाला. तेल मिळाले नाही. रंगारी मला न उघडताच रंगवत. थरावर थर चढले आणि मी चौकटीला घट्ट चिकटलो. बाहेरून इतका चकाचक होतो की पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. हा दरवाजा उघडतो का, हे एकानेही विचारले नाही.

शेवटच्या वर्षी एक विधेयक आले. धरणासाठी ज्याचे घर जाईल, त्याला त्याविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही, असे त्यात होते. सरकारी बाकांवर एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्या ज्या खोऱ्यातून निवडून आल्या होत्या, तेच खोरे बुडणार होते. आणि त्यांच्या पक्षाचा आदेश होता : सर्वांनी होय म्हणायचे. आदेश मोडणाऱ्याची खुर्ची जाते.

पक्षाचा आदेश पाळला जातो की नाही, हे पाहणाऱ्याला प्रतोद म्हणतात. हा प्रतोद बाईंचाच जुना विद्यार्थी होता. मतदानाच्या दिवशी सकाळी त्याने बाईंना माझ्यापाशी गाठले.

“बाई, रांगेत चालायला तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?”

“शिकवलं की. रांग कुठे चाललीये ते विचारायलाही शिकवलं होतं. त्या दिवशी तू दांडी मारली असशील.”

“थट्टा नको, बाई. खुर्ची जाईल तुमची. आणि तुमच्या एका मतानं कायदा काही अडत नाही.”

“नाही अडत, ठाऊक आहे मला. पण उद्या खोऱ्यातल्या कुणी विचारलं, आमचं घर घेताना ‘नाही’ कोण म्हणालं, तर ‘कुणीच नाही’ हे उत्तर मिळायला नको.”

दुपारी विरोधक नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर गेले. अध्यक्षांनी हातोडी उचलली, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महोदय, मतविभागणी हवी.”

घंटा सुरू झाली. सगळे सदस्य भावाकडे निघाले. बाई एकट्या माझ्याकडे आल्या. त्यांनी मूठ धरून मला ढकलले. मी हललो नाही.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असेल! उभ्या आयुष्यात माझे काम एकच, आणि ऐन वेळी मीच आडवा आलो होतो.

सभागृहात खसखस पिकली. कुणीतरी ओरडले, “बाई, दारालासुद्धा पक्षाचा आदेश गेलाय!”

बाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. “मग आज दोघं मिळून मोडू,” त्या म्हणाल्या आणि खांदा लावला.

अध्यक्ष म्हणाले, “सदस्यांनी हट्ट करू नये. उजवीकडून जा, आम्ही समजून घेऊ.”

“तिकडून जाईल त्याचं मत ‘होय’, असा नियम आहे, महोदय. समजून घ्यायची सोय नाही त्यात.”

घंटा संपत आली होती. दाराशी उभा असलेला दारवान अध्यक्षांकडे पाहत होता. अध्यक्ष छताकडे पाहत होते. दारवानाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सर्वांत लांब किल्लीने माझ्या कडेचा रंग खरवडायला सुरुवात केली. “दार उघडायचाच पगार घेतो मी,” तो पुटपुटला. “बाई, आता खालून रेटा.”

लाकडाला इच्छा असते का, ते सुतारांना विचारा. मी एवढेच सांगतो, की त्या धक्क्याला मी अंग चोरले नाही. सगळे थर एकदम तडकले. माझ्या बिजागऱ्यांनी अशी किंकाळी फोडली की हसणारे गप्प झाले. बाई पलीकडे गेल्या आणि घंटा थांबली.

होय, दोनशे एकतीस. नाही, एक.

कायदा झाला. तो आजही आहे; खोटे कशाला सांगू? बाईंचे सदस्यत्व आठवड्यात रद्द झाले. मुदत संपत आल्याने त्या जागेसाठी पोटनिवडणूकही झाली नाही. कार्यकाळाचा अहवाल छापून आला, त्यात लिहिले आहे : रिक्त जागा, एक. आवाजी मतदानाने मंजूर, एकशे त्र्याऐंशी. मतविभागणीने, एक. आणि त्याखाली विरोध करणारीचे नाव. त्या अहवालात ‘नाही’पुढे आलेले तेवढे एकच नाव.

मग निवडणूक झाली आणि सत्ता फिरली. पायऱ्यांवर जाणारे आता मंत्री झाले. त्यांना माझ्या मागच्या बोळात उपाहारगृह करायचे होते. त्यांनी ठराव आणला : डावा दरवाजा वापरात नाही, सबब तो भिंत घालून बुजवावा.

मी घाबरलो नाही. मला बुजवायचे तर त्यावर मत घ्यावे लागेल, आणि त्याला विरोध करणाऱ्याला माझ्यातूनच जावे लागेल. नियम आहे.

“मतविभागणी!” विरोधी बाकांवरून आवाज आला. तो जुना प्रतोद होता. घंटा सुरू झाली आणि पूर्वी हसलेले सगळे लगबगीने माझ्याकडे आले. माझ्यापाशी येऊन प्रतोद थबकला. त्याने वर प्रेक्षकांच्या सज्जाकडे पाहिले. तिथे मास्तरीणबाई बसल्या होत्या. सज्जात बोलायला मनाई असते. त्यांनी फक्त हात समोर धरून सरळ रेघ ओढून दाखवली. प्रतोद मागे वळून सहकाऱ्यांना म्हणाला, “ढकलाढकली नको. रांगेत या.”

मतमोजणीत काय झाले ते विचारू नका; मी तुमच्याशी बोलतो आहे, त्यावरून काय ते समजा.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको, माझ्याशेजारी फोटोही नको. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत जो कुणी माझ्या जातीचा दरवाजा असेल, त्याला काम नसतानाही अधूनमधून उघडून पाहा. तुम्ही ज्यांना हसता, त्यांच्यासाठी नाही. तुमच्यासाठीच.

ठरावाच्या त्या दिवशी दारवानाने सकाळीच मला तेल घातले होते. मी आवाज न करता उघडू शकलो असतो. पण प्रतोदाचा हात लागताच मी कुरकुरलो. चांगला मोठ्याने, वर सज्जात ऐकू जाईल असा.