बानूबाईंचा स्प्रे

मी दुर्बीण बोलतेय. आकाशातली नव्हे, नाकातली. पेन्सिलीहून बारीक स्टीलची नळी, टोकाला भिंग आणि उजेड. बारामतीच्या डॉक्टर मेहजबीन यांनी मला विकत आणलं, तेव्हापासून माणसांच्या नाकात डोकावणं हाच माझा जन्म.

लासुर्ण्याच्या बानूबाई आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही नाकपुड्या चोंदल्या होत्या. शिंकांनी बेजार, कशाचा वास येत नव्हता. आत दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, मऊ कोंब लोंबत होते. असे कोंब बहुधा ॲलर्जीतून येतात, साधे असतात, असं डॉक्टरांनी समजावलं आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. बानूबाई मोकळा श्वास घेऊ लागल्या.

मग त्यांचे यजमान सावळाराम यांचं नाक चोंदलं. फक्त डावं. गावात सगळ्याला एकच नाव, नाकात मांस वाढलंय. बानूबाईंनी मायेनं आपलाच स्प्रे पुढं केला. ऊसतोडणी उरकू दे म्हणत सावळाराम वर्षभर तोच मारत राहिले. रुमालाला रक्त लागू लागलं, गाल बधिर झाला, तेव्हा कुठं आले.

"हिला झालतं त्येच मला हाय," ते म्हणाले. "नवा स्प्रे लिवून द्या."

मी आत गेले. उजवीकडे सगळं स्वच्छ. डावीकडे लाल, खडबडीत गाठ. जरा स्पर्श झाला की रक्त. एका बाजूचा कोंब नेहमीच वाईट असतो असं नाही. तरुण पोरांत एकच लांब कोंब घशाकडं उतरलेला मी पाहिलाय. काढला की पोरं बरी होतात. हे तसं नव्हतं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला.

बानूबाईंनी हळूच विचारलं, "माझ्या स्प्रेनं वाढलं का वो?"

"नाही. स्प्रेनं कॅन्सर होत नाही."

स्प्रेवर विसंबून झालेल्या उशिराचं त्यांनी विचारलं नाही, डॉक्टरांनीही तो विषय काढला नाही.

पुण्यात शस्त्रक्रिया करून गाठीसकट सावळारामांच्या डाव्या गालाचं, वरच्या जबड्याचं हाड काढलं. काही महिन्यांनी मी त्या पोकळीत शिरले, तर कडेला पुन्हा तोच लाल रंग. डॉक्टर काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बाहेर बसलीय ती. तिला मीच सांगतो."

परवा बानूबाई एकट्याच आल्या. कपाळ मोकळं. त्यांचे फिकट कोंब परत वाढलेत. स्प्रे का सोडला, डॉक्टरांनी विचारलं.

"हातात धरवत न्हाय."

माझं भिंग आता धूसर झालंय, लवकरच कपाटात जाईन. जाण्याआधी एकच मागणं. एकाच बाजूचं नाक चोंदलं, त्यातून रक्त आलं, तर दुसऱ्याच्या औषधावर दिवस काढू नका. वेळेवर मला आत येऊ द्या.