गवत्याला गेलेलं उत्तर

वनस्पतीशास्त्राच्या बाई रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग आता चार महिन्यांचा झाला होता. ज्याच्यावर रागावल्या होत्या त्याच्याकडून एक ओळ नाही, एक फोन नाही. विद्यार्थी असल्यापासून त्या त्याला गवत्या म्हणत, कारण त्या माणसाला गवतापलीकडे काही दिसतच नसे. तो त्यांना मास्तरीणबाई म्हणे. दोघं एकाच सरांच्या हाताखाली शिकले, मग तो सीमेपलीकडे आपल्या देशात परतला, आणि गेली बावीस वर्षं दोघं मिळून एकच पुस्तक लिहीत होते: सीमेच्या दोन्ही अंगांना उगवणाऱ्या गवतांची सूची. गवताला कुठली आलीय सीमा, असं काहीबाही लोक कौतुकानं म्हणत, आणि बाईंना असली वाक्यं ऐकली की चीड येई. तीनशे अकरा गवतं झाली होती, नऊ राहिली होती.

मग त्याच्या देशाच्या सरकारनं सीमेजवळच्या वस्त्यांवर रणगाडे घातले. त्या सैन्याला नकाशे करून देत होती तिथलीच विद्यापीठं. बाईंच्या कॉलेजात बहिष्काराचा ठराव आला: या विद्यापीठांशी कसलंही सहकार्य नाही. बाईंनी सही केली, पण त्याआधी सभेत तीन तास भांडून एक कलम घालून घेतलं, की बहिष्कार संस्थांवर आहे, माणसांवर नाही. इतिहासाच्या सरांनी 'ही तर पळवाट' म्हणून तोंड वाकडं केलं. बाई हटल्या नाहीत. ते कलम नेमकं कोणासाठी चाललंय, हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं.

सही केल्याचं त्यांनी गवत्याला त्याच दिवशी कळवलं. उत्तर आलं नाही. म्हणजे रुसला, असं बाईंनी ठरवून टाकलं. बावीस वर्षांची मैत्री एका सहीवर मोडायची असेल तर मोडो, मी काही पायऱ्या उतरून विनवायला जाणार नाही, असं त्या मनात रोज घोकत. आणि रोज सकाळी पहिल्यांदा त्याचंच पत्र आलंय का ते बघत.

त्यांची भाची शिकायला त्यांच्याकडेच राहायची आणि बहिष्कार समितीची सचिव होती. पोरगी हुशार, कामाला वाघ. तिनंच बाईंच्या संगणकावर सोय करून दिली होती.

"मावशी, रोज तिकडून कोणीतरी परिषदेला बोलावणार, रोज तू हळवी होणार. त्यापेक्षा यंत्रालाच सांगून ठेवू. त्यांच्या विद्यापीठांच्या पत्त्यावरून काही आलं की तुझा नकार आपोआप जाईल आणि ते पत्र बाजूच्या कप्प्यात पडेल. तुला बघायलाच नको."

"यंत्रानं पाठवलंय हे कळेल की त्यांना."

"नाही कळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जाईल, आणि एका पत्त्याला एकदाच. तुझ्या गवत्याचा पत्ता तेवढा वगळलाय."

बाईंना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. नकाराचा मजकूर मात्र त्यांनी स्वतः लिहिला, चार वेळा खोडून. 'तुमचं विद्यापीठ ज्या अन्यायात सामील आहे तो थांबेपर्यंत मी तुम्हाला मदत करू शकत नाही. हा निर्णय मला सोपा गेलेला नाही. पण गप्प बसण्यापेक्षा स्पष्ट नकार देणं, हा मी तुमचा मान समजते.' भाचीनं वाचून टाळी दिली होती.

आज दुपारी बाई नमुन्यांच्या खोलीत टिपकागदाच्या घड्या उलगडत बसल्या होत्या, तेव्हा भाची आली. समितीचा सहामाही अहवाल करायचा होता, बाईंनी किती नकार दिले तो आकडा हवा होता. दोघींनी तो कप्पा पहिल्यांदाच उघडला.

"एकशे बारा! मावशी, तू तर सगळ्यांच्या पुढे," भाची म्हणाली आणि यादी खाली सरकवू लागली. "हे बघ, या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एकदा सांगून पुरलं नाही. परत लिहिलंय."

बाईंनी सहज पहिलं पत्र उघडलं.

'मास्तरीणबाई, माझं खातं बंद केलंय, म्हणून ग्रंथपालबाईंच्या पत्त्यावरून लिहितोय. तुमच्या ठरावाला मी इथून जाहीर पाठिंबा दिला, त्यामुळे विद्यापीठानं मला काढलं. आता उचलतील असं दिसतंय. पाहुणा अध्यापक म्हणून बोलावल्याचं एक पत्र तुझ्या विभागाच्या शिक्क्यानं आलं, तर महिनाअखेरपर्यंत सीमा ओलांडता येईल. उरलेली नऊ तिथेच बसून उरकू.'

तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. शिक्का बाईंच्याच टेबलाच्या खणात होता. पाच मिनिटांचं काम होतं.

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, यंत्र फक्त पत्त्याचं शेपूट बघतं गं, विद्यापीठाचं नाव. माणूस कोण ते त्याला..."

दुसरं पत्र तीन दिवसांनंतरचं होतं. 'तुझं उत्तर मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग पटलं. माझ्यापुरता अपवाद केलास तर उद्या प्रत्येकाचा एकेक गवत्या निघेल. तू गप्प बसली नाहीस, तोंडावर नाही म्हणालीस, हे तूच करू जाणे. आता राग नाही.'

रुसला म्हणून ज्याला त्या रोज मनातल्या मनात बोल लावत होत्या, तो त्यांना केव्हाच समजून घेऊन मोकळा झाला होता. त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल.

पत्राखाली ग्रंथालयाचा फोन नंबर होता. भाचीनं आकडे दाबले आणि फोन बाईंच्या हातात दिला. पलीकडे ग्रंथपालबाईच होत्या.

"ते नाहीत हो आता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुसरं पत्र पाठवलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात नेलं. इथून, वाचनाच्या टेबलावरून. कुठे ठेवलंय कोणी सांगत नाही. बायको रोज कचेऱ्यांचे उंबरे झिजवते." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या मास्तरीणबाई का?"

"हो."

"तुमचं उत्तर मी त्यांना छापून दिलं होतं. मी तुम्हाला खूप बोलले तेव्हा. तर ते माझ्यावरच रागावले. म्हणाले, एकेक शब्द तोलून लिहिलंय तिनं मला, तिला किती जड गेलं असेल. नेलं तेव्हा तो कागद त्यांच्या खिशात होता. त्यावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मला एवढंच सांगा बाई, ते तुम्ही खरंच त्यांना लिहिलं होतं?"

भाची समोर मान जोरजोरात हलवत होती, यंत्रानं पाठवलं, सांग ना, असं ओठांनी म्हणत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. नाही म्हटलं असतं तर बाई सुटल्या असत्या. पण कुठल्याशा कोठडीत त्या माणसाच्या खिशात तेवढा एकच कागद होता, आणि या ग्रंथपालबाई उद्या त्याच्या बायकोला सांगणार, बायको कधीतरी त्याला. कोणीही माणसानं न पाठवलेला कागद म्हणून तो त्याच्याजवळ राहणं बाईंना सहन होईना.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यालाच लिहिलं होतं."

"मग देव तुमचं भलं करो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं काही तुम्हाला माफ करवत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.