आठ दिवसांचा टेकू

मी टेकू बोलतोय. हो, तोच लोखंडी टेकू, ज्याच्या दांडीवर तुम्ही ओला टॉवेल वाळत घालता.

माझी घडण अगदी साधी. एका नळीत दुसरी नळी, मध्ये आटे; फिरवले की उंची वाढते. एवढीच माझी अक्कल. आजवर कितीतरी घरांचं ओझं पेललं, पण चार दिवसांच्या पाहुण्यासारखं. काम झालं की मिस्त्री मला मोकळं करायचा आणि टेम्पोत टाकायचा.

या जुन्या घराची मागची भिंत ताईंनी खालून फोडली. ताई म्हणजे घरची धाकटी मुलगी, आर्किटेक्ट. आईंचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खाली मागच्या बाजूला नवी खोली काढायची होती. काचेची, भरपूर उजेडाची, मध्ये एकही खांब नसलेली. तोवर भिंतीचा वरचा भाग आम्हा तीन टेकूंवर तोलून धरला. वर त्या भिंतीला लागूनच आईंचा पलंग आहे. "आठ दिवस कळ काढा रे बाबांनो," मिस्त्री म्हणाला. "तुळई बसली की सुटलात."

आज पाचवा महिना चालू आहे.

कारण दादा, ताईंचे थोरले भाऊ. त्यांना जुनी कमानीची खिडकी हवी, ताईंना नको. कमान आली की नकाशा बदलतो, नकाशा बदलला की तुळईची लांबी बदलते. आणलेली तुळई हातभर आखूड पडली, ती अंगणात गंजतेय. मिस्त्री कंटाळून दुसऱ्या कामावर गेला. आणि घरच्यांना आमची सवय झाली! माझ्यावर पिशव्या अडकवतात, छत्र्या अडकवतात. दादा तर येता-जाता पाठ खाजवून घेतात. मी वाकलोय, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जीव मेटाकुटीला आलाय हो माझा.

आज सकाळी पुन्हा जुंपली.

"कमान ठेवली तर खाली दोन खांब घ्यावे लागतील, दादा."

"खांब कशाला? आजोबांचं बांधकाम आहे हे. भिंत स्वतःच्या जोरावर उभी आहे."

"मग काढ टेकू आणि बघ!" ताई चिडून म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत नकाशात डोकं घालून बसल्या.

दादांनी खरंच माझी दांडी धरली. एक फेरा. दोन. तीन. इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदा मोकळा झालो आणि मला रडावंसं वाटलं. भिंत जागची हलली नाही. हलेल कशी? माझा भार उरलेल्या दोघांवर गेला. दादांच्या केसांवर चिमूटभर चुना सांडला, तो त्यांनी झटकून टाकला.

"बघ," ते मोठ्यानं म्हणाले, "झालं का काही?"

पुढच्या खोलीत नकाशावर पेन्सिल फिरतच राहिली. ताईंनी अबोला धरलाय.

दादांनी आता मधल्या टेकूला हात घातलाय. वर पलंग करकरला, आई उठून बसल्या असाव्यात. ताई, तुमचं खरं, दादांचंही खरं. खोली काचेची करा, नाहीतर दगडाची करा. तेवढा अबोला सोडा. नुसतं "थांब" म्हणा.