स्टेपलर मारलेली पानं

मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात भाची मास्तरीणबाई होती. वय सोळा, पण तोरा असा, की डच भाषा जणू हिनेच जन्माला घातली! एक शर्ट, एक क्रियापद, असा तिचा नियम. कॉलर दाबता दाबता मावशी घोकायची, "इक वेर्क, येइ वेर्क्त. मी काम करते, तू काम करतोस," आणि बाहीपर्यंत येता येता अख्ख्या घराला कामाला लावायची.

खिदळणं चालायचं, पण जीव टांगणीलाच होता. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिकडे डच मुलखात गोदामात कामाला. दोन महिन्यांपूर्वी अंगावर खोकी कोसळली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. डच भाषेची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय मावशीला त्यांच्याजवळ राहायला जाता येणार नव्हतं.

भूतकाळाचा धडा आला आणि मास्तरीणबाईंची गाडी रुतली. भूतकाळ करताना कुठल्या क्रियापदाला 'हेबन' हा शब्द जोडायचा आणि कुठल्याला 'झेइन', काही केल्या डोक्यात शिरेना. पण "मला येत नाही" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने पुस्तकातल्या त्या धड्याच्या बारा पानांना खटाखट स्टेपलर मारला.

"हे कशाला गं?"

"सोडून दे. परीक्षेत विचारत नाहीत."

"नक्की?"

"मावशी, शिकवतंय कोण?"

"बरं बाई, चुकलं माझं!" मावशीने कान पकडले.

परीक्षेहून मावशी आली ती थेट टेबलाशी. तिने इस्त्री तापत ठेवली.

"लग्न झाल्यापासून काय काय केलंत, एवढंच विचारत होती ती परीक्षक बाई. तीनदा विचारलं. मी आपली इक वेर्क, इक वेर्क. नापास. आता सहा महिन्यांनी."

भाचीची नजर पुस्तकातल्या स्टेपलर मारलेल्या पानांवर गेली.

"तू तरी काय करणार? नेमकं तेच आलं," म्हणत मावशीने पुस्तक ओढलं आणि नखाने पिना उचकटायला लागली. एक पीन बोटात घुसली, रक्त आलं. तरी तिने बारा पानं सुटी केली. "चल, आजपासून हे."

"मावशी... मला ते येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इस्त्री बंद केली आणि बोट पदराला पुसलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा, रोज याच वेळी यायचा.

"उचल," मावशी म्हणाली. "तूच सांग."

भाचीने उचलला.

"कोण, मास्तरीणबाई?" पलीकडून काका हसत होते. "मग, कधी पाठवताय तुमच्या विद्यार्थिनीला?"