मिशीचा केस

माझे वडील आणि माझे सासरे एकाच वेधशाळेत होते. वडील प्रमुख, सासरे त्यांच्या हाताखाली. एकदा सासऱ्यांना दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोच्या काचेवर ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये एक बारीक रेघ दिसली. अशी रेघ सरकणारा लघुग्रह सोडतो. पुढे आभाळ जे भरलं ते भरलंच, पडताळायला दुसरा फोटो मिळाला नाही. वडील भर बैठकीत म्हणाले, "अहो, तुमच्या मिशीचा केस पडलाय काचेवर!" सगळे खो खो हसले. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी मिशी उतरवली, ती पुन्हा ठेवली नाही. आमच्या लग्नातसुद्धा हे दोन व्याही हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

परवा मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात कुणाला तरी नवा लघुग्रह सापडला. कक्षा मोजणं हे माझं काम. मोजता मोजता एक गोष्ट लक्षात आली. हा मागे मोजत नेला तर सासऱ्यांच्या फोटोच्या रात्री आभाळाच्या त्याच बाजूला निघत होता. पण नुसती बाजू जुळून काय होतंय? नेमका त्या रेघेवर यायला हवा. मी दोघांना रविवारी घरी बोलावलं. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. चुकलं असतं तर सासऱ्यांची दुसऱ्यांदा शोभा झाली असती, तीही सुनेच्या हातून. तरी बोलावलं. मी अशीच आहे.

कॉम्प्युटर गुरूची ओढ हिशेबात धरून एकेक वर्ष मागे चालला होता. वडील पाय हलवत बसले होते. सासरे खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून.

"झालं का गं?" वडिलांनी विचारलं.

"थांबा हो बाबा."

आकडे आले. मी ती जागा जुन्या फोटोवर टाकली. ठिपका रेघेच्या बरोबर मधोमध पडला.

"तोच आहे," मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

वडिलांनी हलता पाय थांबवला. मग म्हणाले, "मी तेव्हाच बोटाने पुसून पाहिलं होतं. निघालं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्षं तीच दुर्बीण धरून बसलो होतो गं. मला काहीच सापडलं नव्हतं."

सासरे वळले. इतकी वर्षं अपमान गिळून बसलेला माणूस पहिल्यांदाच कडाडला, "माझी काच? उघड्या बोटाने पुसलीत?"

त्यांचा हात वरच्या ओठावर गेला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आई त्यांच्यावर चिडली की मी मध्ये पडायचे, तशी पडेन म्हणून. मी उठले आणि सासऱ्यांना कॉम्प्युटरसमोरची माझी खुर्ची दिली.